अंदमानात आजारी पडलं तर?

"तुम्ही पोर्ट ब्लेअरला राहिलात ना? डिसेंबरात आई-बाबांना घेऊन जातोय. बाबांना शुगर आहे, बीपी आहे. तिथं काही झालं तर दवाखाना आहे का हो?"

सहलीचं बुकिंग झालं की हा प्रश्न मला हमखास येतो. फोनवर मी "आहे, चांगला आहे, जा" एवढंच सांगते. पण तेवढ्यानं उत्तर पुरं होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे 2014 ते 2017 अशी तीन वर्षं आम्ही तिथं होतो. (शहराचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, माझ्या तोंडी जुनंच बसलंय.) तुम्ही सेल्युलर जेल बघायला जाणारच, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडल्याशिवाय मराठी माणूस परत येत नाही. त्याच जेलच्या आवारात गोविंद बल्लभ पंत हॉस्पिटल आहे, तिथले लोक म्हणतात जी. बी. पंत. जेलच्या मुळात सात इमारती होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. 1941 चा भूकंप, मग जपान्यांचा ताबा आणि पुढची पाडापाडी यांतून आज तीनच उरल्या आहेत. आवारात 1963 मध्ये हॉस्पिटल आलं. गंभीर झालेला पेशंट कुठल्याही बेटावरचा असो, शेवटी त्याला इथंच आणतात.

'कुठल्याही बेटावरचा' म्हणजे काय ते नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. उत्तरेच्या दिगलीपूरपासून दक्षिणेच्या कॅम्पबेल बेपर्यंत ही बेटांची माळ सातशे किलोमीटरच्या आसपास पसरली आहे. 2011 च्या जनगणनेत सगळी मिळून वस्ती 3 लाख 80 हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी माणसं आणि मधे सगळा समुद्र. मायाबंदर, कार निकोबार इथं हॉस्पिटलं आहेत, लहान बेटांवर आरोग्य केंद्रं आहेत. त्यापुढे जी. बी. पंत आणि त्याच्याही पुढे हजारभर किलोमीटर पाणी ओलांडून चेन्नई किंवा कोलकाता.

हॉस्पिटल मी नीट पाहिलं ते माझ्या रक्तगटामुळे. मी बी निगेटिव्ह. पुण्यात असताना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. इथं रक्त कमी पडलं तर शेजारच्या शहरातून गाडी पाठवून आणता येत नाही, शेजारी शहरच नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांचे फोन नंबर लिहून ठेवलेले असत. 2016 च्या पावसाळ्यात एका दुपारी फोन आला आणि मी छत्री घेऊन हॉस्पिटलचा चढ चढले.

रक्त देऊन झाल्यावर बाकावर बसले होते. शेजारी पांढऱ्या कोटातली दोन मुलं वही मांडीवर घेऊन काहीतरी पाठ करत होती. आदल्याच वर्षी, 2015 मध्ये, पुद्दुचेरी विद्यापीठाशी जोडलेलं मेडिकल कॉलेज या हॉस्पिटलच्या आधाराने सुरू झालं होतं, शंभर जागांचं. त्याआधी बेटावरच्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर मेनलँड गाठावं लागे. त्यातला एक जण मध्य अंदमानातल्या रंगत गावचा होता. पेशंटच्या बायकोशी बंगालीत, आयाबाईंशी हिंदीत आणि सोबत्याशी तमिळमध्ये तो एका दमात बोलत होता. अशा मुलाची या हॉस्पिटलला केवढी गरज आहे, ते त्या बाकावर बसल्या बसल्या मला दिसलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "रगात तुम्हीच दिलं का, ताई?"

मी दचकलेच. पंच्याहत्तरी ओलांडलेले, पांढरी मिशी, अंगात विटका खाकी शर्ट. मूळचे खटाव तालुक्यातले. 1969 पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं ग्रेट निकोबारवर वसवली, पंजाबातली बरीच, काही आपल्या महाराष्ट्रातली. त्यातलं हे एक. जंगल तोडून शेती केली, नारळ-सुपारी लावली. 2004 च्या सुनामीत घर गेलं, माणसं वाचली. त्यांच्या मराठीत हिंदी पार मुरली होती, पण 'रगात' आणि 'आभाळ' तसेच होते.

त्यांच्या मंडळींच्या पोटातून रक्त जात होतं. ग्रेट निकोबारवरचं कॅम्पबेल बे ते पोर्ट ब्लेअर हे अंतर पाचशे किलोमीटरहून जास्त. त्यांना पवनहंसच्या हेलिकॉप्टरने आणलं होतं.

"ही तर चालत बसली हेलिकॉप्टरात," ते म्हणाले. "म्या म्हनलं, डाक्टरसाब, एक दिवस बघू की. तर त्यो पोरगा म्हनला, बाबाजी, माँजी को आज देख रहा हूँ, और आसमान भी देख रहा हूँ. कल का पता नहीं."

पुढचे दोन दिवस हेलिकॉप्टर उडालं नाही. मला हे ठाऊक आहे, कारण त्या दोन्ही दिवशी मी डबा घेऊन वॉर्डात गेले होते आणि बाहेर समोरचं रॉस बेटसुद्धा पावसात दिसत नव्हतं. आजीबाई दुसऱ्या दिवशी उठून बसल्या. माझ्या हातची आमटी चाखून म्हणाल्या, "चटणी कुठली गं? आमच्याकडं काळा मसाला मिळत न्हाई." जाताना मी पाव किलो बांधून दिला.

आपल्या डॉक्टरांनी 'दोन दिवस वाट पाहू' म्हणण्यात गैर काही नसतं, रिक्षा दाराशी असते. बेटावरचा तरुण डॉक्टर आजार आणि हवा दोन्ही एकत्र तोलतो. हे त्याला कुठं शिकवलं जावं? माझं प्रामाणिक मत असं की, तिथंच. म्हणून ते कॉलेज मला इतकं मोलाचं वाटतं.

आजारही तिथले वेगळे. 1988 पासून उत्तर अंदमानात पावसाळ्याच्या शेवटी, भातकापणीच्या सुमाराला, ताप येऊन खोकल्यातून रक्त पडे, माणसं दगावत. नाव पडलं 'अंदमान हेमरेजिक फीवर'. काही वर्षांनी तपासात निघालं की हा लेप्टोस्पायरोसिस, आपल्या कोकणातला आणि मुंबईच्या तुंबलेल्या पाण्यातला लेप्टोच, फक्त इथं तो फुप्फुसावर घाला घालत होता.

आणि जारवांची, म्हणजे अंदमानच्या जंगलातल्या आदिवासींची, गोष्ट. 1996 मध्ये कदमतलाजवळ पाय मोडलेला एक जारवा मुलगा सापडला. बाहेरच्या कुणालाही जवळ न येऊ देणारी ही माणसं. जी. बी. पंतमध्ये त्याचा पाय जोडला, काही महिने ठेवून बरा करून परत सोडला. पुढच्या वर्षी जारवा आपणहून जंगलाबाहेर यायला लागले. 1999 मध्ये त्यांच्यात गोवर पसरला आणि त्याच हॉस्पिटलात त्यांना दाखल करावं लागलं. पाय जोडला हे चांगलंच झालं, त्याबद्दल मला शंका नाही. पण आपण जवळ गेलो की आपले आजारही जातात, हे तिथल्या डॉक्टर-नर्सना आपल्यापेक्षा फार आधी कळलं. एटीआरवरून, म्हणजे जारवांच्या जंगलातून जाणाऱ्या अंदमान ट्रंक रोडवरून, बाराटांग बेटाला जाताना गाडीतून जारवांचे फोटो काढू नका, खाऊ देऊ नका, हे मी तुम्हाला परत परत सांगते ते यासाठीच.

तर तुमच्या बाबांचं. गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्या, निम्म्या हातातल्या पिशवीत ठेवा. जुना ईसीजी आणि औषधांची चिठ्ठी सोबत असू द्या. पोर्ट ब्लेअरमध्ये असाल तर काळजीचं कारण नाही. हॅवलॉक किंवा नील बेटावर असताना मात्र संध्याकाळनंतर प्रवासी बोटी बंद असतात. तिथं दुपारी बाबा म्हणाले, "छातीत जरा जड वाटतंय, ॲसिडिटी असेल, सकाळी बघू," तर तेव्हाच आरोग्य केंद्रात न्या. आणि तिथल्या डॉक्टरांनी पोर्ट ब्लेअरला आत्ता निघा म्हटलं, तर हॉटेलचे पैसे बुडतील म्हणून वाद घालत बसू नका.