तुम्ही विचारलंत म्हणून: किरणोत्सारी अणू जिवांच्या अंगात का घातले?

किरणोत्सारी, म्हणजे आपोआप किरणं सोडणारा, कार्बन किंवा फॉस्फरस वापरलेला प्रयोग शिकवायला घेतला की वर्गातून हमखास प्रश्न येतो: "असलं काही प्राण्याच्या पोटात घालायचं कुणाला सुचलं? साध्या रसायनानं भागलं नसतं का?"

नसतं भागलं. उंदराच्या हाडांत फॉस्फरस मुळातच असतो. त्याला आणखी फॉस्फरस खाऊ घातला आणि पुढे तो लघवीत सापडला, तर तो परवाच्या खाण्यातला की हाडातून सुटलेला जुना? रासायनिक तपासणीत दोन्ही अणू अगदी एकसारखे. त्यामुळे हाडं एकदा बनली की तशीच राहतात की त्यांतले अणू बदलत असतात, हे ठरवायला मार्गच नव्हता.

मार्ग काढला जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं. १९११ च्या सुमारास मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डनी त्याला शिशातून 'रेडियम-डी' वेगळं करायला सांगितलं. खूप खटपट केली, पण ते वेगळं होईना. होणार कसं? रेडियम-डी हे शिशाचंच एक समस्थानिक होतं, म्हणजे वजन वेगळं पण रासायनिक वागणूक शिशाचीच, आणि वर किरणोत्सारी. आता पुढचं पाऊल बघा, मला ते फार थोर वाटतं. वेगळं होत नाही ना, मग मुद्दाम मिसळू. शिसं जाईल तिथं तेही जाईल आणि स्वतःच्या किरणांनी आपला पत्ता सांगेल! १९१३ मध्ये व्हिएन्नात फ्रित्स पानेतबरोबर त्यानं अशीच शिशाच्या क्षारांची अत्यल्प विद्राव्यता मोजली.

जिवंत ऊतींवर हे पहिल्यांदा आलं १९२३ मध्ये, कोपनहेगनला. फाबा बीनच्या रोपांची मुळं किरणोत्सारी शिसं मिसळलेल्या द्रावणात बुडवली, मग रोपं जाळून राखेची किरणोत्सारिता मोजली. बहुतेक शिसं मुळांतच अडकलं होतं. पण शिसं पडलं विषारी, प्राण्याच्या रोजच्या व्यवहाराबद्दल ते काय सांगणार?

१९३४ मध्ये ज्योलिओ-क्युरी दांपत्यानं कृत्रिम किरणोत्सारिता शोधली, म्हणजे साध्या मूलद्रव्यांचे किरणोत्सारी अणू बनवता येऊ लागले, आणि ती अडचण सुटली. न्यूट्रॉनांचा गंधकावर मारा केला की फॉस्फरस-३२ हा किरणोत्सारी फॉस्फरस मिळतो. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) सुमारे १४ दिवस, म्हणजे काही आठवडे माग काढता येतो. १९३५ मध्ये हेवेशी आणि खीविट्स यांनी तो उंदरांना खाऊ घातला. तो हाडांत गेला, आणि बाहेरही पडत राहिला. उंदराच्या शरीरात फॉस्फरसचा एक अणू सरासरी दोनेक महिने राहतो, असा त्यांनी हिशोब मांडला. टणक, निश्चल वाटणारं हाड सतत अणूंची देवघेव करत होतं! याच मार्गदर्शक-अणूंच्या पद्धतीसाठी हेवेशीला १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

१९४० मध्ये बर्कलीला केमन आणि रूबेन यांना कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन सापडला. प्रकाशसंश्लेषणाचं कोडं पुढे त्यानंच उलगडलं. बारावीत तुम्ही वाचता तो हर्शे-चेज प्रयोग १९५२ चा. विषाणूचा आनुवंशिक पदार्थ कोणता, प्रथिन की डीएनए, हा त्यातला प्रश्न. डीएनएत फॉस्फरस असतो, गंधक नसतो. विषाणूच्या प्रथिनांत गंधक असतो. म्हणून प्रथिनांना गंधक-३५ ची खूण, आणि डीएनएला त्याच फॉस्फरस-३२ ची.