लेक्सिंग्टनचं गायरान

"एवढंसंच?" बसमधून उतरल्या उतरल्या आईनं विचारलं. "सासवडच्या पालखीतळाच्या एका कोपऱ्यात मावेल की गं हे!"

तिचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक झाली ते लेक्सिंग्टनचं मैदान म्हणजे रस्त्यांच्या बेचक्यात सापडलेला हिरवा त्रिकोण. बॉस्टनच्या मेट्रोच्या लाल मार्गावर एलवाइफला उतरायचं आणि 62 नंबरची बस धरायची, की थेट गावात.

इथले लोक या मैदानाला 'कॉमन' म्हणतात. आईला म्हटलं, गायरान समज. 1711 साली गावकऱ्यांनी वर्गणी काढून दीड एकर जमीन विकत घेतली. इथं गुरं चरायची, गावची शिबंदी कवायत करायची, आणि प्रार्थनाघरही मैदानातच होतं. वर्गणी हा शब्द ऐकल्यावर आईला गाव एकदम आपलं वाटायला लागलं.

मैदानाच्या टोकाला बंदूक घेतलेल्या शेतकऱ्याचा पुतळा आहे, 1900 सालचा. सगळे त्याला शिबंदीचा म्होरक्या कॅप्टन जॉन पार्कर म्हणतात, पण पार्करचं अस्सल चित्र एकही उपलब्ध नाही. पुतळ्याचा चेहरा शिल्पकाराच्या मनातला. खरा पार्कर तेव्हा क्षयानं खंगलेला होता. 19 एप्रिल 1775च्या पहाटे तो सत्त्याहत्तरेक माणसं घेऊन इथं उभा राहिला. समोरून येत होती ब्रिटिशांची सातशेच्या आसपास कवायती फौज, पुढच्या काँकर्ड गावात लपवलेला दारूगोळा जप्त करायला निघालेली. पहिली गोळी कोणी झाडली ते आजतागायत ठरलेलं नाही. काही मिनिटांत आठ माणसं मेली, दहा जखमी झाली, आणि फौज पुढे काँकर्डला निघून गेली.

खरी गंमत मैदानाभोवतालच्या घरांत आहे. रस्त्यापलीकडे बकमन टॅव्हर्न, म्हणजे तेव्हाचा दारूचा गुत्ता. मध्यरात्री बंडखोरांचा घोडेस्वार पॉल रिव्हिअर फौज निघाल्याची खबर घेऊन आला तेव्हा शिबंदी जमली, पण फौजेचा पत्ता नाही. मग पार्करनं सांगितलं, नगारा वाजला की या. लांब राहणारे बरेच जण या टॅव्हर्नमध्येच शेकोटीपाशी थांबले. टॅव्हर्नचं जुनं दार आत जपून ठेवलंय, त्याला त्या दिवशीच्या गोळीचं भोक आहे. आईनं चष्मा कपाळावर चढवून ते भोक इतक्या जवळून पाहिलं, की जुन्या पोशाखातल्या गाइडबाई सावध झाल्या.

टॅव्हर्नच्या बाहेर प्रिन्स एस्टाब्रुकच्या नावाचा दगड आहे. तो गुलाम होता. शिबंदीबरोबर उभा राहिला आणि जखमी झाला. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी, हे विचारायची सोय तेव्हा त्याला नव्हती. दगड बसवला 2008 साली. पुतळ्यापाशी फोटोसाठी रांग होती, इथं आम्ही दोघीच.

पाच-सात मिनिटं चाललं की हँकॉक-क्लार्क हाउस लागतं. जॉन हँकॉक आणि सॅम्युअल अॅडम्स हे बंडाचे पुढारी त्या रात्री तिथं झोपले होते. रिव्हिअर आला तेव्हा पहारेकरी त्याला म्हणाला, गोंगाट करू नका, घरातली माणसं झोपलीत. रिव्हिअर म्हणाला, गोंगाट? आता हवा तेवढा होईल, फौज निघालीय! हे वाडा-टाइप घर 1896 साली रस्त्यापलीकडे हलवलं होतं आणि 1974 मध्ये परत मूळ जागी आणून बसवलं. आपल्याकडे वाडे पाडून बिल्डरला देतात, हे वाक्य आईनं तिथं दोनदा म्हटलं.

मैदानात परत आलो. 1799 सालचा स्मारकस्तंभ बघितला, मेलेल्यांच्या अस्थी 1835 मध्ये इथं आणून ठेवल्या आहेत. मला मात्र या गवतावरची दुसरी एक रात्र जास्त आठवते. मे 1971 मध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक युद्धाविरुद्ध मोर्चा घेऊन आले आणि रात्री इथंच मुक्काम करायचा म्हणाले. गावच्या कारभाऱ्यांनी परवानगी नाकारली. ते हटले नाहीत, गावातली माणसंही त्यांच्याबरोबर येऊन बसली, आणि पहाटे पोलिसांनी साडेचारशेच्या वर लोकांना अटक केली. पुतळ्याच्या डोळ्यादेखत.

शेवटी जोनाथन हॅरिंग्टनचं घर. मैदानाच्या कडेलाच. गोळी लागल्यावर तो सरपटत आपल्या उंबऱ्यापर्यंत पोचला आणि बायकोसमोर त्यानं प्राण सोडला, असं सांगतात. आई मैदानातल्या एका दगडापासून रस्त्यापर्यंत पावलं मोजत चालली आणि मध्येच आकडा विसरली. "म्हणजे तिला घरातून सगळं दिसलं असणार," एवढंच म्हणाली.

घरात अजून लोक राहतात, म्हणून आम्ही या बाजूलाच थांबलो. पायरीवर कुरिअरचं एक खोकं पडलं होतं. पावसाची भुरभुर सुरू झाली होती.

"भिजेल की ते," आई म्हणाली. बस येईपर्यंत तिचं लक्ष त्या खोक्याकडेच होतं.