अभ्यासिकेतली हवा कुठं अडते?

लातुरात नीटची तयारी करणारी पोरं दिवसभर अभ्यासिकेत असतात. आता बहुतेक ठिकाणी एसी आला. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून परत सोडतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. खिडक्या बंद करून दुपारभर बसल्यावर पोरांना पेंग येते, डोकं जड होतं. त्याला आळस म्हणणं मला पटत नाही.

भाच्याच्या अभ्यासिकेची खोली टेपनं मोजून मी ओपनफोममध्ये उभी केली. हवा कशी वाहते ते गणितानं काढून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. खोलीचे लाखो बारीक कप्पे पाडायचे आणि प्रत्येकात हवेचा वेग, दाब, तापमान यांची समीकरणं सोडवायची. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, तिच्यामुळं अंगाजवळची हवा वर चढते. तीही धरावी लागते, नाहीतर चित्र खोटं येतं.

तिथला एक्झॉस्ट फॅन दाराच्या बरोबर वर आहे. दाराच्या फटीतून आलेली ताजी हवा बरीचशी तशीच वर जाऊन बाहेर पडते. प्लायवूडच्या पार्टिशनमागं, कोपऱ्यातल्या जागांवर जुनीच हवा साचते. फॅन मोठा करून हे सुटत नाही, जागा बदलावी लागते. तो समोरच्या भिंतीत नेल्यावर स्क्रीनवर हवा सगळ्या खोलीतून ओढली गेली.

मालकांना दोन्ही चित्रं दाखवली. म्हणाले, "भिंत फोडायला गवंडी लागंल की."

"काका, गवंड्याचं माझ्याकडं. तुम्ही फक्त रविवारी खोली मोकळी ठेवा."