तुम्ही विचारलंत म्हणून : डब्यात चिठ्ठी का पडत नाही

भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवतात तिथे, माझी 23 वर्षं गेली. आता घरी असतो, पण जुन्या ओळखीने नवे प्लँट मॅनेजर फोन करतात. प्रश्न ठरलेला : "काका, सजेशन बॉक्स लावून वर्ष झालं, बक्षीसही ठेवलंय. पोरं चिठ्ठीच टाकत नाहीत. काय करू?"

मी उलट विचारतो, पहिल्या चिठ्ठीत काय होतं? बहुतेकांना ती आठवते, आणि सांगताना ते हसतात. तीन नंबर प्रेसवरचा पंखा बंद आहे. नाहीतर, पिण्याच्या पाण्याला वास येतो. हे काय कायझेन (कामातली छोटी सुधारणा) झालं, म्हणून ती चिठ्ठी बाजूला पडलेली असते. अहो, ती तुमची परीक्षा होती! मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आठ तास उभा राहणारा माणूस आधी एवढंच बघतो की, सांगितलेलं कुणी ऐकतं का. पंखा फिरला नाही, तर सायकल टाइमबद्दल, म्हणजे एका नगाला लागणाऱ्या वेळेबद्दल, तो कशाला तोंड उघडेल?

दुसरं कारण याहून वाईट, आणि ते मी स्वतः केलंय. आमच्या एका ऑपरेटरने स्टँड करून घेऊन ब्लँकचा, म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या तुकड्यांचा, बिन कमरेच्या उंचीवर आणला. दर नगाला वाकणं वाचलं आणि तासाला 400 चे 450 नग निघू लागले. मी खूश. पुढच्या महिन्यात टार्गेटच 450 केलं. त्याच्या पाठीला मिळालेला आराम मी वसूल करून घेतला. त्यानंतर त्याने काही सुचवलं नाही, शेजारच्या मशीनवाल्यांनीही नाही. कँटीनमध्ये सगळे त्याला "शहाणपणा करायला गेला अन् नॉर्म वाढवून बसला" म्हणत, हे माझ्या कानावर फार उशिरा आलं.

टोयोटाने सूचना योजना 1951 मध्ये सुरू केली, आपल्याकडे भेलच्या हैदराबादच्या कारखान्यात 1980 साली क्वालिटी सर्कल (अडचणी सोडवायला एकत्र बसणारा कामगारांचा गट) आलं, हे ट्रेनिंगमध्ये सगळे सांगतात. माझ्या डोक्यात त्यातली एकच गोष्ट बसली. चूक होऊच शकणार नाही अशा जुगाडाला जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो आधी 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. 1963 मध्ये एका कारखान्यात एक कामगार बाई हा शब्द ऐकून रडल्या : मी काय मूर्ख आहे? तेव्हा शिंगोंनी शब्द बदलून 'पोका-योके' केला. पोका म्हणजे नजरचूक.

आमचे रिपोर्ट मात्र बाकाच्याच काळातले होते. एका ब्रॅकेटचे डावे आणि उजवे नग सारखे मिसळून कस्टमरकडे जायचे. दर वेळी रिपोर्टमध्ये कारण 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' आणि उपाय 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिले'. सही माझी. तीन वेळा एकच ट्रेनिंग दिल्याचं लिहिल्यावर मलाच लाज वाटली. मग पॅकिंग टेबलाशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या मावशी मान वर न करताच म्हणाल्या, "साहेब, दोन्ही दिसायला एकच. भोक तेवढं एका बाजूला आहे. ट्रेमध्ये त्या भोकापाशी एक खिळा ठोका, उलटा बसणारच नाही."

आधी कुणाला सांगितलं होतं का, विचारलं. "लाइनवरच्या दादाला दोनदा सांगितलं की."

टूल रूमच्या भंगारातून पिना काढल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या ट्रेमध्ये बसवल्या. मिक्सची तक्रार परत आली नाही. म्हणून मी सांगतो, डबा काढून ठेवा, रोज 15 मिनिटं एकाच टेबलाशी उभे राहा आणि ऐकलेलं काम त्याच आठवड्यात करा. जमत नसेल तर नाही म्हणून सांगा, तेही चालतं. आणि सुचवणाऱ्याच्या टार्गेटला हात लावू नका.

मावशींचं नाव कायझेनच्या बोर्डावर लावायला गेलो, तर टोकन नंबर विचारला. त्या ठेकेदाराच्या, त्यांना आमचा टोकन कुठला? सातव्या महिन्यात त्यांना ब्रेक मिळाला, म्हणजे काम थांबवलं. बोर्डावर माझं नाव लागलं, शेजारी फोटो. तो मी काढायला लावला नाही, हेही तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय.