अळूच्या जुडीमागची विहीर

महात्मा फुले मंडईच्या १८८६ सालच्या दगडी इमारतीबाहेर बसणाऱ्या एका मावशींकडून माझी आई कित्येक वर्षे अळू घेत आली आहे. "विहिरीवरचा आहे, डोळे झाकून न्या," हा त्यांचा शब्द आमच्या घराला पुरत असे. यंदा वैशाखात त्यांनाच विचारून मी पुण्याजवळच्या मांजरी गावी त्यांच्या रानात गेले.

वाटेत नदीच्या पुलावर थांबले. धरणातून पाणी सुटत नाही तेव्हा शहराच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेच्या पात्रात वाहते ते मुख्यतः पुण्याचे सांडपाणीच. काठाला जलपर्णी दाटली होती आणि मधल्या काळ्या धारेवर फेस तरंगत होता. तिथून शे-दीडशे पावलांवर मावशींची विहीर. "विहीर आमचीच, पण झरे नदीचेच की," असे त्यांनी काहीही न लपवता सांगितले, आणि लगेच म्हणाल्या, "आम्हीबी हाच खातो." त्यांच्यावर रागवायचा मला अधिकार नव्हता, कारण ते पाणी आमच्याच मोऱ्यांतून तिथे पोहोचले होते.

ऋषीपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही, हा नियम आई आजही काटेकोर पाळते. पाणी कुठले, हे मात्र तो नियम विचारत नाही. ज्यांनी तो घालून दिला त्यांना तसे विचारण्याची वेळच आली नसावी. आपला विश्वास अजून त्या जुन्या पाण्यावर उभा आहे, असे मला त्या बांधावर फार तीव्रतेने वाटले. अळवाच्या पानावर थेंब ठरत नाही, पण मुळे तेच पाणी पितात, आणि सांडपाण्यातले शिसे किंवा कॅडमियम एकदा पानादेठात उतरले की मिठाच्या पाण्यात कितीही धुतले, कितीही उकळले, तरी ते पुरते निघत नाही.

मावशींनी काळ्या देठाची जुडी दिली आणि पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर मी आईला विहिरीचे सगळे सांगितले. तिने एक पान नळाखाली धरले, थेंब घरंगळून गेले, आणि ती हळूच म्हणाली, "किती स्वच्छ दिसतंय गं." त्या दिवशी फदफदे झाले नाही. जुडी टाकायलाही तिचा हात धजला नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती रात्री उशिरापर्यंत ओट्यावरच होती.