डुबकीच्या पुढे

नाशिककराला पाण्याचं कौतुक भारी. गोदावरीला आम्ही सरळ गंगा म्हणतो. पूर आला की तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागला की गळ्याला, यावर चौकाचौकात चर्चा. गंगापूर धरण किती टक्के भरलं हे आम्हाला बँकेतल्या शिलकीपेक्षा जास्त पाठ असतं. पण पोहता येतं कितीजणांना? रामकुंडावर उभं राहून बघा. नाक दाबायचं, डोकं पाण्याखाली घालायचं, ‘हर हर गंगे’ करत वर यायचं. आमची मजल डुबकीपर्यंत.

आधीची पिढी विहिरीत शिकली. पाठीला डबा बांधायचा आणि मामाने मागून ढकलून द्यायचं, हा सगळा अभ्यासक्रम. गटांगळ्या खाऊन जो वर आला तो पास. मुली काठावर कपडे सांभाळत बसायच्या. आता शहरातल्या विहिरी बुजल्या, नदीच्या पाण्याबद्दल बोलायलाच नको, आणि सुट्टीत पोरं धरणाच्या बॅकवॉटरला ‘फक्त पाय बुडवायला’ जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यांत निम्म्याच्या आसपास २९ वर्षांखालची. शाळकरी मुलांना पोहायला शिकवा, असं ही संघटना कधीची सांगते आहे. शिकवायचं कुठे, हा प्रश्न आपला.

त्र्यंबक रोडला महापालिकेचा वीर सावरकर जलतरण तलाव आहे, चांगला आहे. पण आडगावच्या पोराने तिथवर यायचं म्हणजे मधे द्वारका चौकाचा ट्रॅफिक आला. मला हवाय तो प्रभागातला सार्वजनिक तलाव, ओले केस घेऊन, चप्पल फटफटवत चालत घरी येता येईल इतक्या जवळचा. जॉगिंग ट्रॅक नाही का आपण प्रभागाप्रभागात मागून घेतले?

आणि उघडा हवा, डोक्यावर आभाळ असलेला. तलावावर नाकाला झोंबणारा जो वास येतो तो नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन आपल्या घामाशी आणि (पोरांनो, ऐकताय ना) लघवीशी भिडलं की क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. बंद छताखाली तो साचून राहतो, उघड्यावर वाऱ्याबरोबर जातो. उन्हाने क्लोरीन लवकर उडतं हे खरं, तलाव सांभाळणाऱ्याला जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. ठेवू द्या. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत पहिली उडी मारताना तोंडातून जे शब्द निघतात, तेही उघड्यावरच शोभतात.

‘आमच्या टॉवरमध्ये आहे की पूल,’ असं गंगापूर रोडचे मित्र म्हणतात. आहे ना, ब्रोशरमध्ये निळाशार. कमरेएवढं पाणी, चार हात मारले की भिंत. संध्याकाळी काठावर वाढदिवस होतात. आणि तिथे घरकामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा जाळीबाहेरच उभा असतो. सार्वजनिक तलावात तोच मुलगा एखाद्या सीएच्या शेजारी शिट्टीची वाट बघत उभा राहील. कॉस्च्युम आणि टोपी घातल्यावर कोण कुठल्या गाडीतून आलंय ते कळत नाही. कळतं ते एवढंच, की सूर कोण मारतं आणि पोटावर कोण आपटतं.

पाण्याचं काय, हा आक्षेप रास्त आहे. ५० बाय २५ मीटरचा, २ मीटर खोल तलाव म्हणजे २५ लाख लिटर. पण ते रोज ओतून देत नाहीत. वाळूच्या फिल्टरमधून फिरवून तेच वापरतात. उडालेल्या, सांडलेल्या पाण्याची तेवढी भर. शिवाय गल्लीला ऑलिम्पिकचा तलाव लागतोच कशाला? अर्ध्या लांबीचा पुरे. आणि ज्या उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येईल, त्या उन्हाळ्यात तो खुशाल बंद ठेवा, कुणी कुरकुर करू नये.

हे सगळं शेजारच्या काकूंना सांगितलं. साठी उलटलेल्या, गंगेकाठी वाढलेल्या, आजवर गुडघ्यापुढे पाण्यात न गेलेल्या. वाटलं, हसतील.

“बायकांची बॅच असेल ना?”

“असणारच, काकू. सकाळी सहाची ठेवू.”

“सहाला कुणाला वेळ आहे? घरात डबे असतात. दुपारी तीनची ठेवा.”

“तीनला ऊन केवढं असतं!”

“मग काठावर शेड टाका,” काकू म्हणाल्या. “पाण्यावर नको हां.”