मुडदा बशिवला तुझा, आणि माझं अपील

श्रावणातला दुसरा सोमवार. माझा उपास, आणि कोल्हापूरच्या मामेभावानं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा फोटो टाकलेला. मी खाली लिहिलं, ‘मुडदा बशिवला तुझा! घरला ये, तंगडंच मोडतो.’ तासाभरात मजकूर गायब, खातं सात दिवस बंद. कारण : हिंसेची धमकी.

मित्र म्हणाला, “आता ६६अ लागणार तुला.” ऑनलाईन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलंय. पण त्याची भीती अगदीच हवेतली नव्हती. २०१२ मध्ये पालघरला एका मुलीनं बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाईक केल्या, आणि दोघींना अटक झाली होती. माझ्या प्रकरणात पोलीस सोडा, माणूसच कुठे दिसेना. ‘फेरविचार करा’चं बटण दाबलं, तर चहा गार व्हायच्या आत ‘निर्णय कायम’!

२०२१ च्या आयटी नियमांनुसार समाजमाध्यमं चालवणाऱ्या कंपन्यांना तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो. तो शोधून मेल टाकला. पोच २४ तासांत आणि निकाल तेव्हाच्या नियमानं १५ दिवसांत द्यायचा असे (२०२६ मध्ये ही मुदत कमी झाली). पोच आली, बाराव्या दिवशी इंग्रजीत दोन ओळींचा नकारही आला. तो मेल आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा, पुढे तेच लागतं. (मी पोच कचऱ्यात टाकली होती. तिथूनच उकरून काढली.)

नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. नियमांत ही सोय २०२२ मध्ये आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. सगळं ऑनलाईन. मला वकील लागला नाही. घाम फुटला तो ‘आपले म्हणणे मांडा’ या चौकटीशी. विनोद समजावून सांगायचा, तोही सरकारी भाषेत! शेवटी लिहिलं : ‘“मुडदा बशिवणे” हा आमच्या भागातील मायेचा शब्दप्रयोग असून अर्जदाराच्या आजी तो नातवंडांस जेवावयास बोलावताना वापरीत. “तंगडे मोडणे” हे आमंत्रण समजावे. सदर मामेभाऊ हयात असून त्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत.’

बायकोनं वाचलं आणि म्हणाली, “मूळ विनोदापेक्षा हाच बरा जमलाय.” हे जरा लागलंच.

मामेभावाकडून दोन ओळींचं पत्रही घेतलं, आपल्याला धमकी वाटली नाही असं. त्यानं सोबत न मागता पायांचा फोटो पाठवला. तो मी जोडला नाही.

समिती ३० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करते. माझ्यावर ती वेळ आलीच नाही. विसाव्या दिवशी कंपनीनंच मजकूर परत आणला. ‘चुकून काढला गेला होता,’ एवढंच. वाचून कुणाला हसू आलं की नाही, ते कळायला मार्ग नाही.

तोवर श्रावण सरला, गणपती गेले, पितृपंधरवडा लागला. दीड महिन्यानं माझ्या त्या ओळीखाली मामेभावाचं उत्तर आलं : ‘खंडेनवमीला ये. मटण बी हाय आन् तंगडं बी.’